चिखलाच्या रंगाची पाखरं

महिपत केणेला गावात सगळे आर्टिस्ट म्हणायचे, आणि तो शब्द कानावर पडला की त्याचं डोकं उठायचं. कारण त्या शब्दामागून हटकून एखादं फुकटचं काम यायचं. कुणाच्या रिक्षेवर मुलीचं नाव, कुणाच्या कबड्डी संघाचा फलक, गणपतीच्या मागचा हिमालय. कळव्यातल्या त्यांच्या आळीत महिपतच्या हातचं काही नाही असं घर नव्हतं, आणि त्यातलं एकही काम त्याला आपलं म्हणावंसं वाटत नव्हतं. सर्वांत नावाजला होता तो वाघ. थोरल्या भावाच्या, सखारामच्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावर तो जबडा वासून बसला होता. महिपतने तो एका कॅलेंडरवरून एका दुपारी उरकला होता. जिवंत वाघ त्याने जन्मात पाहिला नव्हता. तरी भिवंडीपासून पनवेलपर्यंत लोक ट्रक थांबवून विचारायचे, वाघ कोणी काढला? आणि सखाराम छाती फुगवून सांगायचा, माझ्या भावानं.

वागळे इस्टेटमध्ये पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथे महिपत ट्रेसर होता. दुसऱ्यांनी आखलेल्या रेषा ट्रेसिंग पेपरवर जशाच्या तशा गिरवायच्या, एवढंच काम. स्वतःची एक रेषा ओढली तर मेमो मिळायचा. म्हणून म्हणा किंवा मुळातच तो तसा म्हणून म्हणा, घरी आल्यावर त्याला जे काढायचं असायचं ते कुणी न आखलेलं असायला हवं होतं. त्याला खाडी काढायची होती. नारळ, होडी आणि लाल सूर्य असलेली नव्हे. ओहोटीला उघडी पडते ती, तिवरांच्या झुडपांपुढे पसरलेली, राखाडी, चकचकीत चिखलाची खाडी. आणि त्या चिखलावर थंडीत उतरणारे चिखल्या.

चिखल्या म्हणजे मूठभर पाखरू. पाठ चिखलाच्याच रंगाची. ते जागचं हललं नाही तर शेजारी उभं राहिलं तरी दिसत नाही. नुसता चिखल आहे असं समजून माणूस पाऊल टाकतो आणि पायाखालून चिखलाचेच दहा-बारा गोळे भुर्रकन उडून जातात. हे पहिल्यांदा झालं तेव्हा महिपत शाळेत होता. खाडीवर बापाबरोबर चिंबोऱ्या धरायला गेला होता. त्या दिवसापासून त्याला वाटत होतं की हे काढता आलं पाहिजे. आहे पण दिसत नाही, आणि एकदा दिसलं की त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही, असं.

एक्क्याण्णव सालच्या थंडीत त्याने ते काढायला घेतलं. कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या मागून आणून चौकट केली, त्यावर स्वतः कॅनव्हास ताणला. चित्र पलंगाएवढं झालं. वर अरुंद पट्टीत पहाटेचं आकाश आणि कोवळा सूर्य, बाकी सगळा चिखल. मग त्याने एक नियम केला. एका सकाळी एकच पाखरू. ओहोटी सोयीची असेल त्या दिवशी तो कामावर जाण्याआधी खाडीवर जाई, गुडघाभर चिखलात उभा राहून एकच चिखल्या डोळ्यांत साठवी, आणि घरी येऊन पाय धुवायच्या आधी तेवढाच रंगवी. बायको लक्ष्मी फरशीवरच्या पावलांकडे बघून कपाळाला हात लावायची. नजरेने न पाहिलेलं एकही पाखरू त्या चित्रात नव्हतं. थंडी संपेपर्यंत चिखलाच्या मधोमध अख्खा थवा बसला, आणि तो कुणालाही दिसेना.

खरंच कुणालाही. आई, ठमाबाई, पदराने डोळे पुसून जवळ आली, लांब गेली आणि म्हणाली, "बाला, चिखोल काय काढतंस रं? चिखोल बगायला खिरकी हाय आपल्याला." लक्ष्मी बिचारी नवऱ्याचं मन राखायला म्हणाली, "मला दिसतात हो पाखरं," आणि नेमकं बोट ठेवलं ते एका दगडावर. सखारामने कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाला, "झ्याक. आथा मधी एक हरीन टाक." महिपतने त्याला हात धरून चित्राजवळ नेलं, म्हणाला, दादा, नीट बघ. सखारामने नीट बघितलं. "दोन टाक मंग," तो म्हणाला.

पाखरांना जरा उठाव दे, पांढरी कड काढ, असं कारखान्यातल्या एकाने सुचवलं. महिपत त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही. दिसावीत म्हणून पांढरी कड काढायची तर मग चिखल्या कशाला, बगळेच काढावेत की. पण रात्री उशाला हात घेऊन पडलं की त्याच्या मनात यायचं, आपल्यालाच भ्रम तर झाला नाही ना? आपण नुसता चिखल तर रंगवत नाही ना? मग तो उठायचा, दिवा लावायचा, सगळी पाखरं जागेवर आहेत हे बघायचा आणि पुन्हा येऊन पडायचा.

ठाण्यात हौशी चित्रकारांचं एक मंडळ होतं आणि दर उन्हाळ्यात ते एका सभागृहात प्रदर्शन भरवायचं. महिपतची चित्रं तिथून सलग तीन वर्षं परत आली होती. एकदा विषय नाही म्हणून, एकदा रंग उदास म्हणून, आणि तिसऱ्यांदा काहीच न सांगता. या वर्षी मंडळाचे टिपणीस सर स्वतः कळव्याला आले. हे नौपाड्यातले, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. एवढं मोठं चित्र उचलून आणण्याआधी एकदा पाहून घ्यावं, अशी विनंती महिपतने त्यांना केली होती. सर रिक्षातून उतरले ते नाकाला रुमाल लावूनच, कारण अंगणात सुकट वाळत घातली होती. पण चित्रापुढे उभे राहिल्यावर रुमाल खिशात गेला.

"सर, ते मधे जे आहे..." महिपतने घाबरत घाबरत सुरुवात केली.

"मधलंच तर चित्र आहे, केणे," सर म्हणाले. "आता याला अजिबात हात लावू नका. आहे तसं आणा. समितीला मी सांगतो."

सर गेल्यावर महिपत मोरीत जाऊन रडला. चाळिशीतला बाप्या, दोन पोरांचा बाप, नळ सोडून रडला. एका माणसाला पाखरं दिसली होती.

प्रदर्शनाच्या आधी घरात लग्न होतं. सखारामची थोरली, शेवंती, बाळकुमच्या परशुरामला दिली होती. जमीन विकली गेल्यावर सखारामच्या हातात पैसा आला होता, आणि पहिल्या मुलीचं लग्न आळीने वर्षभर बोललं पाहिजे असा त्याचा हिशेब होता. लग्नाच्या दिवशी पहाटे त्याने महिपतला कल्याणच्या फूलबाजारात पिटाळलं. "तुला रंगाची नजर हाय, फुला तूच आन," म्हणाला. महिपत खूश झाला. झेंडू, शेवंती, निशिगंध असं घासाघीस करून घेतलं, टेम्पो केला, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो पाट्या घेऊन मंडपाच्या तोंडाशी उतरला.

समोर स्टेज होतं. स्टेजवर सिंहासनासारख्या दोन लाल खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या मागे त्याची खाडी उभी होती. वर त्याचा सूर्य होता, खाली त्याचा चिखल होता, आणि चिखलाच्या मधोमध थर्माकोलची हातभर उंचीची, सोनेरी चमकी लावलेली अक्षरं होती. शेवंती. त्याखाली परशुराम. दोन नावांच्या मधे थर्माकोलचंच एक बदाम.

झालं होतं असं. मंडपवाल्याने भाड्याचा जो पडदा आणला त्यावर आधीच्या कुणाच्या लग्नातल्या रश्शाचे डाग होते. सखाराम खवळला. घरात आर्टिस्ट असताना भाड्याचा मळका पडदा लावू? लोक काय बोलतील? त्याने चार माणसं घेतली, त्यांना चपला काढायला लावल्या, आणि महिपतच्या खोलीतून चित्र देवाच्या मूर्तीसारखं सांभाळून आणलं. अक्षरं मंडपवाल्याकडे तयार होतीच. तो ती आकाशावर लावायला निघाला तेव्हा सखारामनेच त्याला अडवलं. सूर्याला धक्का लागता कामा नये. खाली मोकळी जागा आहे, तिथे लाव. आणि पडू नयेत म्हणून फेव्हिकॉल भरपूर घाल.

"कसा दिसतं?" सखारामने विचारलं. त्याच्या हातांना अजून हळद होती आणि डोळे भरून आले होते. "आज सगला गाव बगनार तुजा चित्र. बालकुमची मानसा पन बगनार."

"दादा," महिपत कसाबसा म्हणाला, "त्याच्यात पाखरं होती."

"कशात?"

"चिखलात. अक्षरांच्या खाली."

सखारामने मागे वळून स्टेजकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. "जागा रिकामीच होती ना रं," तो म्हणाला. "बरं, उद्या दाखव मना. आथा फुला दे, बायका खोलंबल्यान."

आता यावर माणसाने काय करावं? लग्नाच्या मांडवात, पुतणी हळद लावून बसलेली असताना, पाखरांसाठी भांडण काढावं? महिपतने पाट्या उतरवून दिल्या. लग्न लागेपर्यंत तो स्टेजच्या बाजूला खांबाला टेकून उभा होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता उडाल्या, व्हिडिओवाल्याने दांडीवरचा दिवा तिरका धरून नवरा-नवरीचं शूटिंग केलं. माणसं एकेक करून स्टेजवर चढत होती, पाकीट देत होती आणि फोटोला उभी राहत होती. आठशे माणूस त्या चित्रासमोर उभा राहिला, आणि सगळ्यांची पाठ चित्राकडे होती. महिपतला भावाचा राग आला, मंडपवाल्याचा आला, चमकीचा आला, आणि सर्वांत जास्त स्वतःचा आला. पांढरी कड काढली असती तर निदान त्या मंडपवाल्याला तरी दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दार लावून घेतलं आणि बोथट सुरीने अक्षरं सोडवायला बसला. तैलरंग असा की वरून सायीसारखा सुकतो, आत महिनोन्‌महिने ओला राहतो. पहिलं अक्षर निघालं ते चिखलाची साय घेऊनच निघालं. कॅनव्हासवर पांढरंशुभ्र शे राहिलं आणि अक्षराच्या पाठीवर त्याचे चिखल्या चिकटून आले, उलटे, कुणी नुसत्या चोचीचे, कुणी नुसत्या पायांचे. त्याने ओलं फडकं लावून पाहिलं, टर्पेंटाइन लावून पाहिलं. सगळी अक्षरं तशीच निघाली. अक्षरांच्या फटींतून जी पाखरं उरली त्यातलं एकही पुरं नव्हतं. महिपतने तो सगळा मधला भाग खरवडून काढला.

संध्याकाळी सखाराम अक्षरं मागायला आला. चांगली आहेत, दारावर लावू म्हणाला. महिपतने ती मुकाट्याने दिली. सखारामने ती चौकटीवर ठोकली, चमकी बाहेर आणि पाखरं भिंतीकडे. त्याला उद्या दाखव म्हटलेलं आठवत नव्हतं. आणि आठवलं असतं तरी दाखवणार काय? पाखरं गेली हे सांगायचं तर ती होती हे आधी पटवून द्यायला हवं, आणि पटवून द्यायला ती होती कुठे.

पुन्हा काढायची म्हटली तर मे महिना चालू होता. चिखल्या कधीच परतीला लागले होते, खाडीवर नुसती उन्हाची रखरख. न पाहता तो एखादं पाखरू काढू शकला असता, अगदी डोळे मिटून काढू शकला असता. पण मग ते वाघासारखं झालं असतं. चार दिवस तो चित्रापुढे बसून राहिला आणि पाचव्या दिवशी त्याने त्या पांढऱ्या जागेवर चिखल भरला. नुसता चिखल. टिपणीस सर पाहतील, विचारतील, आपण झालं ते सांगू, आणि सर काय ते ठरवतील. निदान त्यांच्याजवळ बोलता तरी येईल, एवढीच त्याला आशा होती.

सखारामने ट्रक दिला. सभागृहात चार जणांनी चित्र उतरवलं, सरांनी चष्मा लावला आणि पाहिलं.

"वा," सर म्हणाले. "सांगितल्याप्रमाणे हात लावला नाहीत, हे बरं केलंत. आमचे लोक शेवटी काहीतरी घुसडतात आणि घाण करतात. अहो, इकडे, या मधल्या भिंतीवर लावा हे."

महिपत मान डोलावून बाहेर आला. सभागृहाच्या पायऱ्यांवर बसला. तीन वर्षं ज्या भिंतीसाठी जीव टाकला ती भिंत मिळाली होती, ती नुसत्या चिखलाला. म्हणजे यांनाही दिसली नव्हती. मोरीत नळ सोडून तो उगाच रडला होता.

उद्घाटनाच्या दिवशी सखाराम घरची सगळी माणसं ट्रकमध्ये घालून घेऊन आला. पांढरी सफारी, गळ्यात चेन, मागे आई, लक्ष्मी, पोरंटोरं, आणि माहेरी आलेली शेवंती. मंडळाच्या लोकांनी जरा अंग चोरून त्यांना वाट दिली. सखाराम तडक मधल्या भिंतीकडे गेला. उभा राहिला. जवळ गेला, वाकला, पुन्हा मागे आला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"महिपत," तो मोठ्याने म्हणाला, "यातली पाखरा कुठं गेली?"

महिपतला वाटलं, आपल्याला चुकीचं ऐकू आलं.

"कुठली पाखरं?" टिपणीस सर हसत हसत पुढे आले.

"पाखरा हो. चिखलात होती ती." सखारामने हात उचलला. "शेवंतीच्या लग्नाची कॅसेट बगतो ना मी रोज, त्याच्यात दिसतात. दिव्याचा उजेड आडवा पडला ना, का दिसतात. हितं, शेच्या पायाशी एक बसलेला. वंच्या वरती दोन, तोंडाला तोंड लावून. आनि परशुरामच्या माच्या मागून एक निगालेला, एका पायावर. पयल्यांदा मना वाटलं अक्षता चिकटल्यान. मंग बगलं तर पाखरा."

"अहो, ते कुंचल्याचे फटकारे असतील," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "हे चित्र मी आधीही पाहिलंय. यात पक्षी नव्हते."

"नव्हते म्हंजे?" सखारामचा आवाज चढला. सभागृहातली माणसं वळून बघायला लागली. "माज्या भावानं काढल्यान ती. थंडीभर चिखलात उबा राहून काढल्यान. तुमाला दिसली नाय तर काय ती नव्हती का? सांग रं महिपत, होती का नव्हती?"

"होती, दादा," महिपत म्हणाला.

"मंग गेली कुठं?"

लग्नात अक्षरं जिथे चिकटवली होती त्या जागेवर महिपतने बोट ठेवलं. सखारामचा वर उचललेला हात तसाच राहिला. मग तो हळूहळू खाली आला, आणि त्या धिप्पाड माणसाचं तोंड एकदम उतरलं. "फेव्हिकॉल," तो म्हणाला. "मीच सांगितला भरपूर घाल."

"हो, तूच," महिपत म्हणाला. मग तो पुढे झाला आणि चित्र खिळ्यावरून उचलू लागला. एकट्याला ते पेलेना. टिपणीस सर अहो अहो करत होते, तीन वर्षांनी लागलंय, वेडे आहात का, विचारत होते. महिपत त्यांना म्हणाला, "सर, हे चित्र पुरं नाहीये. मी आधीच सांगायला हवं होतं." सखारामने काही न विचारता दुसरी बाजू धरली, आणि दोघा भावांनी पलंगाएवढा तो चिखल माणसांमधून वाट काढत बाहेर आणला.

परतताना घरची माणसं मागे चित्राला धरून बसली आणि महिपत पुढे भावाच्या शेजारी बसला. कळव्याच्या पुलाच्या अलीकडे सखाराम म्हणाला, "घरी जाऊन कॅसेट लावतो. थांबवून थांबवून दाखवतो तुला. तू बगून परत काढ."

तेव्हा मात्र महिपतच्या मस्तकात गेलं. लग्नापासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. कॅसेट बघून काढायला तो काय ट्रकवरचा वाघ आहे? ती पाखरं दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्याआधी जातात, माहीत आहे? एका पाखराला एक सकाळ लागते, गुडघ्यापर्यंत चिखल लागतो, कामावर लेटमार्क लागतो. हात धरून दाखवलं होतं तुला, तर म्हणालास हरीण टाक. दोन हरणं टाक. आईला दिसेना, बायकोला दिसेना, सर म्हणवणाऱ्याला दिसेना, आणि तुला दिसली, ती कधी? गेल्यावर? तो ओरडत होता, डॅशबोर्डवर मूठ आपटत होता, आणि मधेच रडतही होता. सखारामने हॉर्न वाजवणाऱ्यांना हाताने पुढे जायला सांगून ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं, आणि भावाचं बोलून होईपर्यंत तो त्याच्याकडे वळून ऐकत बसला.